स्वयंचलित टेस्टचे निकाल डेटाबेसमध्ये ठेवताना टेबलांची रचना कशी असावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे ५,००० स्वयंचलित टेस्ट आहेत, त्या जेनकिन्सवर (कोडची बांधणी आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या साधनावर) दिवसातून साधारण ४० वेळा चालतात, निकाल जेयुनिट या टेस्टिंग साधनाच्या एक्सएमएल फाइलींमध्ये मिळतात आणि ते आता पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवायचे आहेत. त्यासाठी टेस्टचे नाव, निकाल, तारीख आणि लॉग असे एकच मोठे टेबल करावे, प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र टेबल द्यावे, की संपूर्ण निकाल जेसन (नाव-मूल्यांच्या जोड्यांचा मजकूर) या स्वरूपात एका कॉलममध्ये टाकून मोकळे व्हावे, असे तुम्ही विचारले आहे. जुने निकाल किती काळ ठेवावेत आणि आजवरचे निकाल आत घेता येतील का, हेही तुम्हाला हवे आहे.

टेबले किती असावीत हे ठरवण्याआधी या डेटाबेसला तुम्ही उद्या काय विचारणार आहात हे ठरवायला हवे. एका बिल्डमध्ये, म्हणजे कोडच्या एका बांधणीत, काय पास झाले आणि काय फेल झाले हे जेनकिन्स आताही नीट दाखवतो. तेवढ्यासाठी वेगळा डेटाबेस उभारण्याचे कारण नाही. अनेक बिल्ड एकत्र पाहायचे असतात तेव्हा त्याची गरज भासते. ही टेस्ट नेमकी कोणत्या कमिटपासून (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलापासून) फेल होऊ लागली? एकाच कमिटवर कधी पास आणि कधी फेल होणाऱ्या, म्हणजे फ्लेकी, टेस्ट कोणत्या? गेल्या तीन महिन्यांत कोणत्या टेस्टचा वेळ वाढत गेला? काल रात्री शंभर टेस्ट फेल झाल्या असतील, तर त्यामागे कारणे शंभर आहेत की दोनच? खाली सांगितलेली रचना या चार प्रश्नांसाठी आहे. तुमचे प्रश्न वेगळे असतील, उदाहरणार्थ ग्राहकाला किंवा लेखापरीक्षकाला प्रत्येक निकाल पुरावा म्हणून दाखवायचा असेल, तर मूळ फाइली जशाच्या तशा जपण्यावर अधिक भर द्यावा लागेल.

परिस्थितीवर अवलंबून असलेली आणखी एक गोष्ट म्हणजे डेटाबेसची निवड. काहीशे टेस्ट, दिवसाला दोन-चार रन (टेस्टच्या फेऱ्या) आणि निकाल लिहिणारे एकच मशीन असेल, तर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल पुरते. तिथे एका वेळी एकालाच लिहिता येते, त्यामुळे अनेक मशीनवर टेस्ट समांतर चालत असतील तर ती निवड योग्य ठरत नाही. तुमच्या आकड्यांना पोस्टग्रेस योग्यच आहे.

आता आकाराचा हिशेब करू, कारण ‘एकच मोठे टेबल’ का नको हे त्यातून आपोआप दिसते. ५,००० टेस्ट आणि ४० रन म्हणजे दिवसाला २ लाख ओळी, वर्षाला ७ कोटी ३० लाख. टेस्टचे पूर्ण नाव, पॅकेज आणि क्लास धरून, सहज १२० अक्षरांचे होते. ते प्रत्येक ओळीत लिहिले तर वर्षाला जवळजवळ ९ जीबी निव्वळ नावांनीच व्यापले जातात, आणि त्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) केला की जागा आणखी लागते. त्याऐवजी टेस्टचे एक टेबल, रनचे एक टेबल आणि त्या दोघांना जोडणारे निकालांचे तिसरे टेबल केले, तर निकालाच्या ओळीत फक्त आकडे उरतात: रनचा क्रमांक ८ बाइट, टेस्टचा क्रमांक ४, मिलिसेकंदांतला वेळ ४, बिघाडाचा क्रमांक (त्याचे टेबल पुढे येते) ४, कितवा प्रयत्न हे २ आणि स्थिती २. हे २४ बाइट झाले. पोस्टग्रेस प्रत्येक ओळीला शीर्षकासाठी २४ आणि पानावरच्या पत्त्यासाठी ४ बाइट घेतो, म्हणजे एकूण ५२. वर्षाचे टेबल ४ जीबीच्या आत बसते, आणि दोन इंडेक्स धरले तरी सगळे मिळून ८ ते ९ जीबी होतात. एवढा डेटा साध्या सर्व्हरवरही आरामात चालतो. मोठे कॉलम आधी आणि लहान नंतर हा क्रम मात्र पाळावा, नाहीतर मधल्या रिकाम्या बाइटांत जागा जाते.

रचना कागदावर सोपी दिसते. तिची खरी कसोटी ‘ही तीच टेस्ट आहे’ हे ठरवताना लागते, म्हणून या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबतो.

जेयुनिट एक्सएमएल या स्वरूपाला सर्वमान्य असे एकच अधिकृत प्रमाण नाही. ते अँट या बिल्ड साधनाच्या अहवालांतून पुढे आले आणि प्रत्येक साधनाने त्यात आपापली भर घातली. प्रत्येक टेस्टला क्लासचे नाव आणि टेस्टचे नाव असे दोन गुणधर्म असतात, पण त्यांत काय लिहायचे हे साधनागणिक बदलते. जावामध्ये क्लासच्या जागी पॅकेजसह क्लास येतो. पायथनच्या पायटेस्ट या साधनामध्ये फाइलच्या मार्गापासून तयार झालेले मॉड्यूलचे नाव येते, आणि पॅरामीटर (टेस्टला बाहेरून दिलेले मूल्य) असलेल्या टेस्टच्या नावापुढे चौकटी कंसात त्या पॅरामीटरचे मूल्य येते. त्यामुळे कोणी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की डेटाबेसच्या दृष्टीने जुनी टेस्ट नाहीशी होते, नवी जन्माला येते आणि इतिहास तुटतो.

यातले सगळ्यात त्रासदायक रूप म्हणजे नावात बदलते मूल्य शिरणे. समजा, व्याजाची आकारणी तपासणाऱ्या टेस्टला पॅरामीटर म्हणून आजची तारीख दिली आहे. मग नावाच्या शेवटी आज ‘२०२५-०३-०१’ येते आणि उद्या ‘२०२५-०३-०२’. टेस्टच्या टेबलात रोज एक नवी टेस्ट भरते, प्रत्येकीचा इतिहास एका दिवसाचा असतो, आणि ‘कधीपासून फेल होते’ या प्रश्नाला कायम ‘आजपासून’ हेच उत्तर मिळते. पोर्ट क्रमांक, तात्पुरत्या फोल्डरचा मार्ग आणि मेमरीतला पत्ता यांचेही असेच होते. हे लोडरमध्ये (निकालांच्या फाइली वाचून डेटाबेसमध्ये भरणाऱ्या प्रोग्राममध्ये) रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचे नमुने शोधून, झाकण्यापेक्षा टेस्ट लिहिणाऱ्यांकडून पॅरामीटरला स्थिर नाव देऊन घ्यावे. पायटेस्टमध्ये आणि जेयुनिट ५ मध्ये तशी सोय आहे. ‘गेल्या आठवड्यात प्रथमच दिसलेल्या टेस्ट’ अशी एक क्वेरी दर सोमवारी चालवली, तर अशी नावे लगेच उघडी पडतात.

म्हणून टेस्टच्या टेबलात प्रकल्प, संच, क्लास, नाव आणि पॅरामीटर हे स्वतंत्र कॉलम असावेत आणि त्या सर्वांवर मिळून युनिक अट (तीच मूल्ये दुसऱ्यांदा येऊ न देणारी) असावी. नावे फार लांब होण्याची शक्यता असेल तर ती अट थेट मजकुरावर न लावता त्याच्या हॅशवर (मजकुरापासून काढलेल्या ठरावीक लांबीच्या खुणेवर) लावा, कारण पोस्टग्रेसच्या नेहमीच्या इंडेक्समध्ये साधारण २,७०० बाइटपेक्षा मोठे मूल्य बसत नाही आणि तेवढ्या एका नावामुळे अख्खे लोडिंग अडते. पुढे कधी मायएसक्यूएल या डेटाबेसवर जायचे झाले तर हेही ध्यानात असू द्या की तिथली मजकुराची तुलना करण्याची नेहमीची पद्धत इंग्रजी लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, म्हणजे केवळ तेवढ्याने वेगळ्या असलेल्या दोन टेस्ट एकच समजल्या जातात. नाव बदललेल्या टेस्टसाठी ‘पूर्वीची टेस्ट’ असा एक कॉलम ठेवावा आणि तो माणसाने भरावा. नावांच्या साम्यावरून हे जुळवण्याचा मोह होतो. पण चुकीने जुळवलेला इतिहास खरा वाटतो, आणि म्हणूनच तुटलेल्या इतिहासापेक्षा तो अधिक घातक असतो.

ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसची आवृत्ती यांना टेस्टच्या ओळखीत घेऊ नका. तीच टेस्ट क्रोमवर पास आणि फायरफॉक्सवर फेल होते ही माहिती महत्त्वाची आहे, आणि टेस्ट एक व वातावरणे दोन असतील तरच ती सहज विचारता येते. वातावरण रनला जोडा. एका रनमध्ये अनेक वातावरणे असतील, तर प्रत्येकासाठी रनची स्वतंत्र नोंद करा.

रनच्या नोंदीबद्दल माझा एक ठाम आग्रह आहे: ती टेस्ट सुरू होण्याआधी उघडावी आणि संपल्यावर बंद करावी. बहुतेक ठिकाणी एक्सएमएल फाइल मिळाली की मगच रनची नोंद होते. आता असे समजा की मेमरी संपल्यामुळे जावाची प्रक्रिया मध्येच मेली. त्या क्लासची फाइल लिहिलीच गेली नाही, लोडरला जेवढ्या फाइली मिळाल्या तेवढ्यांत सगळे पास आहे, आणि आलेखावर त्या रात्रीचे पास प्रमाण १०० टक्के दिसते. सर्वांत वाईट रात्र सर्वांत चांगली म्हणून नोंदली जाते. रनच्या ओळीत ‘चालू’, ‘पूर्ण’, ‘अर्धवट’ अशी स्थिती आणि अपेक्षित टेस्टची संख्या असेल, तर न आलेले निकालही मोजता येतात. अपेक्षित संख्या बऱ्याच साधनांकडून आधीच मिळते. नाही मिळाली तर त्याच ब्रँचच्या (कोडच्या शाखेच्या) मागच्या पूर्ण रनशी तुलना करा.

निकालाच्या स्थितीचे किमान चार प्रकार ठेवा: पास, फेल, एरर आणि स्किप. तपासणीचे विधान खोटे ठरले तर फेल आणि भलताच अपवाद (चालताना आलेली अनपेक्षित चूक) उसळला तर एरर, हा फरक एक्सएमएलमध्येच असतो. काही साधने तो काटेकोरपणे पाळत नाहीत, तरी आलेली माहिती एकत्र करून टाकू नये. खरे-खोटे असा दोनच मूल्यांचा कॉलम केला की स्किपचे काय करायचे हा प्रश्न उरतो आणि कोणीतरी ते पासमध्ये मिळवून टाकते.

पुन्हा चालवलेल्या टेस्टचेही असेच. जावाच्या मेव्हन या बिल्ड साधनातल्या शुअरफायरमध्ये फेल झालेली टेस्ट ठरावीक वेळा पुन्हा चालवण्याची सोय आहे, आणि दुसऱ्या प्रयत्नात पास झाली तर अहवालात तसा वेगळा घटक येतो. बिल्ड हिरवे झाले म्हणून पहिला फेल पुसून टाकायचा नाही. प्रत्येक प्रयत्नाची स्वतंत्र ओळ लिहायची. रन, टेस्ट आणि प्रयत्न हे तीन कॉलम मिळून प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) होते. निकालाचे टेबल हिशेबाच्या वहीसारखे असावे: तिथे खाडाखोड नसते, चूक दुरुस्त करायची असेल तर नवी नोंद होते. ‘हा फेल माहितीतला आहे, त्याचे तिकीट अमुक’ यांसारखे माणसांचे अभिप्रायही निकालाच्या ओळीत लिहू नका. ते वेगळ्या टेबलात, कोणी आणि केव्हा लिहिले यासह ठेवा, कारण अभिप्राय बदलतात आणि निकाल बदलत नाही.

इथवरच्या रचनेने फ्लेकी टेस्टचा प्रश्न जवळजवळ सुटतो. निकाल रनशी जोडायचे, टेस्ट, कमिट आणि वातावरण यांवर गट पाडायचे, आणि ज्या गटात किमान एक पास व किमान एक फेल किंवा एरर आहे तेवढेच ठेवायचे. कोड तोच, वातावरण तेच आणि निकाल दोन, ही फ्लेकी टेस्टची सर्वांत स्वच्छ व्याख्या आहे. पास-फेलच्या टक्केवारीवरून फ्लेकी ठरवणाऱ्या पद्धतींत खरोखर मोडलेली आणि मग दुरुस्त झालेली टेस्टही अडकते. इथे ती अडकत नाही, कारण दुरुस्ती म्हणजे नवा कमिट. प्रयत्नांच्या ओळी पुसल्या असत्या तर ही क्वेरी निरुपयोगी ठरली असती.

‘कधीपासून फेल’ या प्रश्नासाठी मात्र रनची वेळ पुरत नाही. जुन्या कमिटवर आज पुन्हा बिल्ड चालवता येते, आणि फीचर ब्रँचवरचे फेल मुख्य ब्रँचच्या इतिहासात मिसळले तर उत्तर चुकते. म्हणून रनमध्ये ब्रँच, पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅश आणि मुख्य ब्रँचवर तो कमिट कितवा आहे हा क्रमांक ठेवा. शोध त्या क्रमांकाने घ्या. वेळ नेहमी टाइमझोनसह साठवा. एक्सएमएलमधल्या वेळेला बहुधा झोन नसतो. बिल्डचे मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर पुण्यात मध्यरात्रीनंतर १ वाजता सुरू झालेला रन तिथे आदल्या दिवशीच्या १९:३० चा असतो, आणि रोजच्या आलेखात रात्रीचे रन चुकीच्या दिवसावर पडतात.

आता बिघाडाचा मजकूर. अपवादाचा संदेश आणि स्टॅक ट्रेस (चूक झाली तेव्हा कोणते फंक्शन कोणी बोलावले होते त्याची यादी) निकालाच्या ओळीत नकोत. पोस्टग्रेस साधारण २ केबीपेक्षा मोठी ओळ आपणहून आकुंचित करून बाजूला ठेवतो हे खरे. पण एकाच कारणाने शंभर टेस्ट फेल झाल्या तर तोच मजकूर शंभर वेळा साठतो, आणि ‘कारणे किती’ या प्रश्नाचे उत्तरही मिळत नाही. त्यासाठी बिघाडाचे चौथे टेबल करा. समजा, एका टेस्टचा संदेश ‘३०,००४ मिलिसेकंदांत उत्तर आले नाही, सत्र ९फ३क’ असा आहे आणि दुसरीचा ‘३०,०११ मिलिसेकंदांत उत्तर आले नाही, सत्र ७१बड’ असा. आकडे आणि सत्राची ओळख यांच्या जागी ठरावीक खूण ठेवली की दोन्ही संदेश एकच होतात. अपवादाचा प्रकार, हा स्वच्छ केलेला संदेश आणि स्टॅकमधल्या आपल्या स्वतःच्या कोडच्या वरच्या दोन-तीन नोंदी, ओळक्रमांक वगळून, घ्या आणि त्यांचा हॅश हीच बिघाडाची ओळख माना. ओळक्रमांक वगळायचे, कारण वर कोणी एक ओळ वाढवली की ते सरकतात. स्वच्छ करण्याचे नियम पुढे बदलतील, म्हणून नियमांची आवृत्तीही नोंदवा.

पूर्ण लॉग, स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ डेटाबेसबाहेर, फाइल सर्व्हरवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवा आणि रनच्या ओळीत फक्त त्यांचा पत्ता लिहा. लॉगमध्ये पासवर्ड, टोकन आणि कधीकधी खऱ्या ग्राहकांची माहिती असते, हेही त्यामागचे कारण आहे: निकाल सगळ्यांना दिसले पाहिजेत, लॉग सगळ्यांना दिसता कामा नयेत.

जेसनबद्दल माझे मत मिश्र आहे. रनच्या वातावरणाचे किरकोळ तपशील, जे प्रकल्पागणिक बदलतात आणि क्वचितच शोधले जातात, त्यांच्यासाठी जेसनबीचा (पोस्टग्रेसमधल्या जेसन प्रकाराचा) एक कॉलम उत्तम. निकाल त्यात टाकू नका; स्थिती आणि वेळ यांवरच तर सगळे शोध होणार आहेत. प्रत्येक प्रकल्पाला वेगळे टेबल हा पर्याय तर पूर्णपणे सोडा, कारण नवा कॉलम लागला की बदल सगळीकडे करावा लागतो आणि दोन प्रकल्पांत सामाईक असलेला बिघाड दिसेनासा होतो.

लोडिंगबाबत दोन गोष्टी सांभाळा. पहिली, टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रियेने निकालांच्या ओळी थेट डेटाबेसमध्ये लिहू नयेत. डेटाबेस बंद आहे म्हणून बिल्ड लाल होऊ लागले की लोक तुमची यंत्रणाच काढून टाकतात. रनची नोंद उघडण्याचा प्रयत्नही फसला तर बिल्ड पुढे गेले पाहिजे. एक्सएमएल फाइल जपून ठेवावी आणि वेगळ्या लोडरने ती नंतर उचलावी. पूर्ण रन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतात किंवा एकही होत नाही अशा रीतीने) भरावा, आधी तात्पुरत्या टेबलात कॉपी आदेशाने आणि तिथून मुख्य टेबलांत. जॉबचे नाव, बिल्डचा क्रमांक आणि समांतर तुकड्याचा क्रमांक यांवर युनिक अट असली की तीच फाइल दोनदा आली तरी दुहेरी नोंद होत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. टेस्टची नावे भरताना ‘आधीच असेल तर काही करू नका’ या पर्यायासह सरसकट सगळी नावे घातली, तर काम होते, पण पोस्टग्रेस प्रत्येक नावासाठी आपोआप क्रमांक देणाऱ्या अनुक्रमातला एक आकडा खर्च करतो, ओळ प्रत्यक्षात भरली नाही तरी. तुमच्या गतीने दिवसाला २ लाख आकडे वाया जातील. ४ बाइटांच्या क्रमांकाची मर्यादा सुमारे २१४ कोटी आहे; आज ती दूर वाटते, पण रन दहापट झाले तर ती तीन वर्षांत येते. आधी टेबलातल्या नावांशी जोडणी करून खरोखर नवी असलेली नावेच घालावीत.

किती काळ ठेवायचे? एका वर्षाचे तपशीलवार निकाल ठेवणे तुम्हाला सहज परवडेल. त्यानंतर पास निकालांचा टेस्टनिहाय दैनिक सारांश, म्हणजे संख्या, सरासरी वेळ आणि कमाल वेळ, काढून मूळ ओळी टाकाव्यात; फेल निकाल मात्र सगळे ठेवावेत, ते थोडे असतात आणि तेच पुन्हा पाहिले जातात. कोट्यवधी ओळी डिलीटने काढणे जड जाते, म्हणून पार्टिशन करून, म्हणजे टेबलाचे वेगळे भाग पाडून, जुने पार्टिशन एकदम सोडून द्यावे, त्यातले फेल निकाल आधी संग्रहाच्या टेबलात हलवून. पोस्टग्रेसमध्ये ही सोय १० व्या आवृत्तीपासून थेट उपलब्ध आहे. पार्टिशनचा कॉलम प्रायमरी कीमध्ये असावाच लागतो. त्यासाठी कीमध्ये तारीख कोंबण्याऐवजी रनच्या क्रमांकाच्या पल्ल्यांवर पार्टिशन करा, तो तिथे आधीच आहे आणि काळासोबतच वाढतो.

आधीचे निकाल आत घेता येतील, पण त्याला मुदत आहे. जेनकिन्स प्रत्येक बिल्डच्या फोल्डरमध्ये निकालांची स्वतःची एक फाइल ठेवतो. तिचे स्वरूप मूळ जेयुनिट एक्सएमएलपेक्षा वेगळे असल्यामुळे तिच्यासाठी लोडरला वेगळा वाचक लिहावा लागेल. मूळ फाइली आर्टिफॅक्ट (बिल्डसोबत जपलेल्या फाइली) म्हणून जपल्या असतील तर तेही नको. मात्र जॉबच्या सेटिंगमध्ये जुने बिल्ड टाकून देण्याचा पर्याय चालू असेल, तर हा इतिहास रोज थोडाथोडा पुसला जात आहे. टेबलांची रचना पुढच्या आठवड्यात ठरली तरी चालेल. ते सेटिंग आज तपासा, मर्यादा वाढवा आणि डिस्कवर जागा आहे का ते पाहा.